रद्द येईल

सोहारमध्ये, मासळीबाजाराच्या मागच्या गल्लीत,
अर्ज भरून देणाऱ्या दुकानाला ‘सनद’ म्हणतात.
पाटी वाचून मी उगाच ताठ झालो,
जणू आत कुणी मला गाव इनाम देणार होतं.
आत टोकनचं मशीन. नंबर एकोणसाठ.
टेबलावर कहव्याचा थर्मास, बशीत चार खजूर
आणि झुवैना. नखांवर मेंदी, कीबोर्डवर अरबी.

पदवीच्या पहिल्या वर्षाला काय काय लागतं
ते तिला तोंडपाठ,
वाण्याला गणपतीच्या सामानाची यादी असावी तसं.
बारावीची गुणपत्रिका. तिच्या पाठीवर दिल्लीचा शिक्का,
त्याच्या शेजारी वकिलातीचा, खाली मस्कतचा.
इतका थोपटला गेलाय तो कागद
की आता झोपला असेल.
गणितात पासष्ट हवेत.
शाल्मलीला चौऱ्याण्णव आहेत, मी न विचारताच सांगितलं.
झुवैनाने मान वर केली नाही.

नावाला रकाने चार: मुलीचं, बापाचं, आजोबाचं, कबिल्याचं.
शाल्मली. दिगंबर. धोंडू. रेडकर.
‘धोंडू’पाशी बोटं थांबली.
हे अक्षर आमच्याकडे नाही, ती मोडक्या हिंदीत म्हणाली. अर्थ काय?
दगड, म्हटलं. आधीची तीन गेली,
म्हणून चौथ्याला दगड म्हटलं. नजर लागू नये.
ती हसली नाही. तिच्या एका मामाचंही
असंच काहीतरी होतं म्हणाली,
आणि ‘दोन्दू’ लिहून पुढे गेली.
शिरोड्याच्या मिठागरात पाय फाटेस्तोवर उभा राहिलेला माणूस
अंगठा न लावता
विद्यापीठाच्या अर्जात शिरला.

मग ती थांबली ती पाचवी आणि सहावीच्या मध्ये.
शाळा बारा वर्षं सलग हवी.
इथे सात महिने ही मुलगी
कुठल्याच हजेरीपटावर नाही.

काय सांगू. कंपनी बुडाली होती.
मायलेकी गावी, मी फलजच्या खोलीत पाचवा,
आणि गावची शाळा म्हणाली, आता जूनमध्ये या.
त्या सात महिन्यांत ती खाडीत पोहायला शिकली,
काजूचा चीक कुठे लागू द्यायचा नाही ते शिकली,
फोनवर मला ‘सगळं ठीक आहे’ म्हणायला शिकली.
याचे गुण कुठे जोडतात?
मी लिहून दिलं: कौटुंबिक कारण.
दोन शब्द. खाली सही.

फायलीतून एक मराठी कागद निसटला.
हे काय? दाखला, मी म्हटलं.
दाखिल? आत? तिने हाताने दार ढकलून दाखवलं.
नाही, शाळा सोडल्याचा. बाहेर.
तिने माझ्याकडे असं बघितलं
की मलाच माझ्या भाषेची शंका आली.

शेवटी माझ्या मालकाचं ना हरकत पत्र.
ते आणायला मी तीन गुरुवार घालवले होते.
बाबा, शाल्मली कानाशी म्हणाली,
हिच्या भाषेत हरकत म्हणजे हालचाल.
अठरा वर्षं मी क्रेनचे लोखंडी हात हलते ठेवले.
मी काहीच बोललो नाही.
एक खजूर उचलला. गोड होता. बी खिशात टाकली.

पैसे भरले. पावती आली.
झुवैना पहिल्यांदाच हसली,
म्हणाली, दोन आठवड्यांत रद्द येईल.

मी खुर्चीतून अर्धा उठलो.
का? काय चुकलं? ते सात महिने?
शाल्मलीला हसू आवरेना. अख्खं दुकान वळून बघू लागलं.
बाबा, बसा. रद्द म्हणजे उत्तर.

बाहेर जुलै. स्टिअरिंगला हात लावता येईना,
गाडीची चारही दारं उघडी टाकून
आम्ही भिंतीच्या वीतभर सावलीत उभे राहिलो.
दोन आठवडे आता असंच.
मोबाइल वाजला की आधी मराठीत दचकायचं,
मग अरबीत श्वास घ्यायचा.